शहाऐंशी घटकांची एकादशी

माझी उभी हयात जमीनमोजणीच्या खात्यात गेली. तेहतीस फुटांची साखळी, शंकू, आणि बांधाच्या दोन्ही अंगांना उभे राहून एकाच आजोबांचा उद्धार करणारे दोन सख्खे चुलत भाऊ, एवढ्या सामग्रीवर मी तीस वर्षे सरकारचे मीठ खाल्ले. आणि त्या अवधीत अंतर ही एक स्थावर वस्तू आहे, ती आज मोजली तर जितकी भरते तितकीच उद्याही भरते, फार तर मोजणीदाराने मध्यंतरी कोणाच्या ओसरीवर चहा घेतला त्या मानाने वीतभर इकडची तिकडे होते, असा माझा पक्का समज होऊन बसला होता. वेळ ही मात्र जंगम. ती कशी घालवायची हे खात्याने मला उत्तम शिकवले होते, पण ती मोजण्याचा प्रसंग कधी आला नव्हता.

तो आला एका तिकिटाने. आत्याच्या नातीला अमेरिकेत कन्यारत्न झाले, पणतीच्या बारशाला पणजीने जातीने हजर राहिलेच पाहिजे असा तिकडून हुकूम सुटला, आणि ऐंशीच्या उंबरठ्यावरील आत्याला एकटीला धाडणे प्रशस्त नव्हे म्हणून, कुटुंबात ज्याला काहीही काम नाही असा एकमेव पुरुष या नात्याने, माझी तिच्या तैनातीला नेमणूक झाली. तिकिटे नातजावयाने परस्पर काढून पाठवली. त्यांवर मुंबईहून प्रस्थान १.३० आणि न्यूयॉर्कला आगमन ७.३० असे दोन आकडे, आणि दोहोंच्या डोक्यावर एकच तारीख, असा मजकूर होता. आत्याने चष्मा पदराने पुसून तो दोनदा वाचला.

“सहाच तास? अरे, आमच्या गुहागरला एसटी नऊ तास घेते. मग ही पोरं दोन-दोन वर्षं तोंड का दाखवत नाहीत?”

प्रश्न बिनतोड होता, आणि नातजावयाच्या वतीने त्याचे उत्तर देणे मला भाग पडले. दीड वाजतो तो मुंबईच्या भिंतीवर आणि साडेसात वाजतात ते न्यूयॉर्कच्या. ही दोन घड्याळे हिवाळ्यात साडेदहा तासांची फारकत घेऊन नांदतात, उन्हाळ्यात तिकडचे लोक आपली घड्याळे तासभर पुढे ढकलतात म्हणून साडेनऊ. सबब मजकूर प्रवास सहा तासांचा नसून साडेसोळा तासांचा आहे, अशी सविस्तर कैफियत मी तिच्यापुढे रुजू केली. ती ऐकून आत्या चकित होईल ही माझी अपेक्षा फोल ठरली. कारण आत्याचे माहेर गिरगावचे. १९०६ साली सरकारने सबंध हिंदुस्थानला एक प्रमाणवेळ लावून दिली तेव्हा मुंबई शहराने त्या फर्मानाला भीक न घालता, त्याहून एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली आपली खास ‘मुंबई टाइम’ थेट १९५५ पर्यंत चालवली होती, आणि आत्याच्या बालपणी कोणी किती वाजले ते विचारले तर कोणत्या टाइमाने, हा प्रतिप्रश्न करण्याची रीत तिच्या घरीच होती.

“बाबा गाडी गाठायचे स्टँडर्ड टाइमानं आणि पानावर बसायचे मुंबई टाइमानं,” ती म्हणाली. “पण एकदा धरला तो धरला. दोन्ही धरू पाहणारा माणूस उपाशी राहतो.”

या वाक्याचा अनुभव मला पुढे यायचा होता.

वेळेचा निकाल असा लागला तरी अंतराचा राहिला होता. नातजावयाने दूरध्वनीवर सहज सांगितले की विमान आइसलँडवरून जाते. हे ऐकताच माझ्यातील मोजणीदार जागा झाला. भिंतीवरच्या नकाशात मुंबईवर बोट ठेवून ते सरळ पश्चिमेकडे सरकवत नेले तर वाटेत अरबस्तान लागते, सहारा लागते, मग अफाट अटलांटिक लागतो, आणि पैलतीरी जरा वर चढले की न्यूयॉर्क येते. या मार्गात आइसलँडचा संबंध पोचतो कोठे? नवख्या उतारूला स्टेशनावरून शेजारच्या गल्लीत नेताना सबंध गावाला प्रदक्षिणा घालणारे टांगेवाले मी पाहिलेले आहेत, आणि त्यातलाच हा काही प्रकार असावा असा मला वहीम आला. खात्री करून घेण्यासाठी मी बाजारातून एक मोठेसे मोसंबे आणले, शाळेच्या भूगोलाच्या आधाराने त्यावर शाईने अक्षांश-रेखांश आखले, मुंबईच्या आणि न्यूयॉर्कच्या जागी एकेक टाचणी खोचली, आणि आत्याच्या वातींच्या कापसाचा पीळ दिलेला दोरा त्या दोहोंमध्ये ताणून धरला. दोरा अरबस्तानावर ठरेना. मी त्याला बोटाने खाली दाबावे आणि त्याने सुटताच घसरून देठाकडे सरकावे. अखेर मी हात आखडता घेतला तेव्हा तो स्वखुशीने रशियावरून स्वीडन-नॉर्वेकडे चढला, आइसलँडला स्पर्श करून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाशी उतरला आणि कॅनडातून खाली येऊन दुसऱ्या टाचणीला घट्ट बिलगला. गोलावरील दोन बिंदूंमधला सर्वांत आखूड रस्ता हा असा. त्याला भूगोलात बृहद्‌वृत्त म्हणतात. आणि माझ्या भिंतीवरचा नकाशा हा १५६९ साली मर्केटर नावाच्या गृहस्थाने खलाशांच्या सोयीसाठी काढलेल्या आकृतीचा वंशज असल्यामुळे, तो ध्रुवाकडचा मुलूख अवाच्या सवा फुगवून दाखवतो आणि सरळ रस्त्याला वाकडा ठरवतो, हा त्यातला गुन्हा. तीस वर्षे कागदावर रेघ ओढून दोन घराण्यांचे वैर ठरवणाऱ्या माणसाला सरळ रेघ म्हणजे काय हे मोसंब्याने शिकवावे, याचे मला वैषम्य वाटले. आत्याने ते मोसंबे, टाचण्या काढून, संध्याकाळी खाल्ले.

या दोऱ्याची लांबी सुमारे १२,५५० किलोमीटर भरते. पृथ्वीचा घेर चाळीस हजारांचा, म्हणजे हा जवळजवळ एकतृतीयांश फेरा झाला. आजोबांच्या कोसांत मांडायचे तर ३,९०० कोस. आणि माझ्या तेहतीस फुटी साखळीने मोजायला घेतले असते तर साडेबारा लाख वेळा साखळी टाकावी लागली असती, भत्ता वेगळा. पण मोजायचे कोठून कोठवर? इथेही मला परिचित असा दगड सापडला. प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू ठरवलेला असतो, बहुधा धावपट्ट्यांच्या मध्याजवळ, आणि दोन विमानतळांमधले अंतर म्हणजे या दोन अदृश्य दगडांमधले अंतर. आपले घर, सहारचा उड्डाणपूल, वजनकाट्यापुढची रांग आणि तिकडची रांग हे सारे त्या हद्दीबाहेर, पोटखराब्यात.

या आकाशमार्गाला दुसरीही एक अडचण असते, आणि ती कोणाही मामलेदाराच्या परिचयाची आहे. १९४४ साली शिकागो येथे झालेल्या करारान्वये प्रत्येक राष्ट्राची मालकी आपापल्या भूमीवरच्या आकाशावरही पूर्णत्वाने चालते. त्यामुळे दोरा कितीही सरळ असला तरी तो ज्यांच्या ज्यांच्या शेतावरून जातो त्यांची संमती लागते, त्यांना वाहतुकीचे शुल्क भरावे लागते, आणि त्यांतल्या एकाने बांध अडवला की सारा प्रवास वळसा घालतो. पाकिस्तानने २०१९ मध्ये काही महिने, आणि पुन्हा एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना, ही वहिवाट बंद केली तेव्हा पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांची वाट आणि वेळ दोन्ही वाढली. आमच्याकडे असा तंटा १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली चालतो आणि साहेब जागेवर येऊन रस्ता मोकळा करून देतात. आकाशात तशी तजवीज अद्याप नाही. आमचा प्रवास पाकिस्तानच्या या दोन्ही भानगडींच्या मधल्या शांततेतला, म्हणून दोरा बऱ्यापैकी सरळ राहिला.

आता मुख्य प्रकरणाकडे वळतो. नातजावयाने ज्या रात्रीचे तिकीट काढले ती मार्गशीर्ष शुद्ध एकादशी होती. मोक्षदा एकादशी. तारखेचा अंमल मध्यरात्री सुरू होतो, तर तिथीचा व्यवहार सूर्योदयाला; म्हणून विमान कंपनीच्या दफ्तरी जी दुसऱ्या दिवसाची पहाट, ती आत्याच्या पंचांगात एकादशीचीच रात्र होती. आत्याची एकादशी म्हणजे दुपारी एकवार फराळ, त्यानंतर पाण्याखेरीज काही नाही, आणि दुसऱ्या दिवशी सूर्य उगवल्यावर पारणे. म्हातारीला उपाशी बसवून आपण शेजारी जेवावे हे बरे दिसणार नाही या विचाराने, आणि चोवीस तासांचा तर प्रश्न या हिशेबाने, मीही एकादशी धरली. पारण्यासाठी आत्याने एका पितळी डब्यात सांजोऱ्या घेतल्या होत्या. विमानतळावरच्या तपासनिसाने डबा उघडून त्यांचा वास घेतला आणि तो मोठ्या अनिच्छेने परत केला, येथपर्यंत सारे यथास्थित होते.

विमान सुटले. आत्याला डाव्या अंगाची खिडकीजवळची जागा मिळाली होती आणि खिडकीत एकादशीचा चंद्र होता. मुंबईत तो आणखी दीड-दोन तासांत मावळायचा. पण तास गेले, चार गेले, तरी तो पंखाच्या टोकाशी तसाच टांगलेला, जणू त्यालाही कोणी तैनातीला नेमले होते. हवाईसुंदरीने जेवणाचे ताट आणले. शाकाहारी, जैन, मधुमेही, यहुदी अशा नाना पंथांच्या उदरभरणाची तरतूद त्या विमानात होती, एकादशीची नव्हती. आत्याने तिला हाताने नको म्हणून खूण केली आणि मी जड अंतःकरणाने तीच खूण केली. पलीकडच्या गृहस्थाने आपले ताट संपवून माझ्या ताटाची चौकशी केली.

माझ्या मनगटावरच्या घड्याळात सात वाजून पाच मिनिटे झाली तेव्हा मी घसा साफ केला.

“आत्या, सूर्योदय झाला.”

तिने खिडकीतून पाहिले. बाहेर काळोख, खाली काळोख, आणि चंद्र.

“कुठे?”

“मुंबईत.”

“मग मुंबईतल्यांनी पारणं करावं.”

मी एकदम तांत्रिक मुद्दा काढला. तिथी म्हणजे काही घड्याळ नव्हे, असे मी म्हणालो. चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश सरकला की एक तिथी संपते, आणि हा बनाव आकाशात घडत असल्यामुळे सबंध पृथ्वीवर एकाच क्षणी घडतो, मग तुम्ही दादरला असा की रशियावर. त्या अर्थी एकादशी संपून द्वादशी लागलेली आहे आणि तिला तुझ्या-माझ्या खिडकीशी काही कर्तव्य नाही. युक्तिवाद निर्दोष होता. आत्याने तो पूर्ण ऐकून घेतला.

“तिथी लागेल तेव्हा लागू दे. धरायची ती सूर्योदयाला असेल ती. आणि सूर्योदय आपण असू तिथला. साऱ्या पंचांगात हेच लिहिलंय, मोजणीवाल्यांना वाचता येत नसेल तर माझा इलाज नाही.” एवढे बोलून तिने डबा मांडीवर घेतला आणि त्यावर दोन्ही हात ठेवून ती झोपी गेली.

मला झोप कोठली? समोरच्या पडद्यावर एक चिमुकले विमान नकाशावरून रांगत होते आणि खाली गती, उंची, बाहेरचे तापमान उणे पन्नासाच्या खाली, आणि उरलेली वेळ, असे आकडे आळीपाळीने उमटत होते. ते पाहता पाहता माझ्या ध्यानी एक भयंकर गोष्ट आली. पृथ्वी स्वतःभोवती फिरते तो वेग विषुववृत्तावर ताशी १,६७० किलोमीटर असतो, पण उत्तरेकडे जावे तसा तो उतरत जातो आणि साठाव्या अक्षांशावर निम्मा, म्हणजे ८३५ होतो. आमचे विमान त्याहूनही उत्तरेला होते आणि ताशी नऊशेच्या घरात पश्चिमेकडे पळत होते. म्हणजे सूर्य मागून येत होता, आणि आम्ही त्याच्याहून जलद पळत होतो! विमान जोवर या वाटेने असे धावत राहील तोवर सूर्य उगवण्याची सुतराम शक्यता नव्हती. मनुष्यजातीने हजारो वर्षे ज्याला अर्घ्य दिले त्याच्यापासून पळून जाण्यासाठी नातजावयाने आमच्या नावे रोकड मोजली होती, आणि अखेरीस न्यूयॉर्कला थांबू तेव्हाच तो आम्हाला गाठणार होता. मुंबईच्या सूर्योदयापासून न्यूयॉर्कच्या सूर्योदयापर्यंत साडेचौतीस तास. साठ घटकांचा अहोरात्र तो शहाऐंशी घटकांचा झाला होता. मोक्षदा एकादशीने मोक्ष मिळतो हे मी लहानपणापासून ऐकत आलो. पण खुद्द तिच्यापासून तो कसा मिळवावा हे सांगणारे विमानात कोणी नव्हते.

उलटा हिशेबही तिथेच करून टाकला. परतीच्या प्रवासात, पूर्वेकडे जाताना, हीच एकादशी साडेतेरा तासांत आटोपली असती. शिवाय परतीची वेळही कमी, कारण एवढ्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारे वाऱ्याचे प्रचंड लोट असतात. ते जाताना छातीशी भिडतात आणि येताना पाठीशी उभे राहतात. फेब्रुवारी २०२० मध्ये अशाच एका वादळी वाऱ्यावर स्वार होऊन ब्रिटिश एअरवेजचे एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला चार तास छप्पन्न मिनिटांत पोचले होते. या वाऱ्यांचा छडा प्रथम लावला तो ओइशी नावाच्या जपानी हवामानशास्त्रज्ञाने. १९२० नंतरच्या दशकात त्याने तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडसोडून त्यांची मोजदाद केली, आणि ती साऱ्या जगाला कळावी या उदात्त हेतूने अहवाल एस्परांतो या विश्वभाषेत प्रसिद्ध केला. परिणामी तो जगात कोणीही वाचला नाही, आणि दुसऱ्या महायुद्धात जपानवर चालून गेलेली अमेरिकन विमाने समोरच्या वाऱ्याने जागच्या जागी खिळू लागली तेव्हा कोठे त्यांना हा शोध नव्याने लागला. खात्यात असताना मीही काही अहवाल लिहिले आहेत. तेव्हा ओइशींविषयी मला मध्यरात्री, ग्रीनलंडच्या टोकाशी, फार जिव्हाळा वाटला. चंद्र तेथेच कोठेतरी मावळला.

कॅनडावरून खाली उतरू लागलो तेव्हा डाव्या क्षितिजावर आधी राखेसारखा, मग तांबूस असा पट्टा उमटला. आत्या जागी झाली, तिने चूळ भरली, केस सारखे केले आणि खिडकीला नाक लावून बसली. विमान वीस मिनिटे आधी पोचणार असल्याचे वैमानिकाने जाहीर केले आणि त्याच सुमारास, ढगांच्या काठावर, कुंकवाच्या बोटाएवढी एक कड चमकली. आत्याने हात जोडले. मी डब्याचे झाकण उघडले, वरची सांजोरी उचलली आणि ओठांपर्यंत नेली.

विमानाने नाक खाली केले. उंचावरून क्षितिज खोल दिसते म्हणून सूर्य जमिनीवरल्या लोकांच्या आधी दिसतो, हे शास्त्र मला ठाऊक होते. पण त्याच शास्त्राने, आपण झपाट्याने खाली आलो तर तो दिसलेला सूर्य परतही जातो, हे मी विसरलो होतो. कुंकवाची कड क्षणभर थरथरली, आक्रसली आणि पूर्वेलाच मावळली.

आत्याने माझ्या हातातली सांजोरी काढून घेतली, डब्यात ठेवली आणि झाकण लावले.

“अग, उगवला होता! तू नमस्कार केलास!”

“उगवला आणि मावळला. म्हणजे एक अख्खा दिवस झाला म्हणतोस? मग द्वादशीही गेली, त्रयोदशी लागली. आज प्रदोष धरायचा का?”

या शक्यतेने मी गप्प झालो. विमान ढगांत शिरले आणि केनेडी विमानतळावर करड्या, दमट उजेडात टेकले. तेथून एका बंदिस्त नळीतून आम्ही ज्या विस्तीर्ण दालनात आलो त्याला एकही खिडकी नव्हती. दोरखंडांनी आखलेल्या वळणावळणांच्या रांगेत शे-दोनशे माणसे उभी होती. सरळ मोजले तर पारपत्र तपासणीच्या टेबलापर्यंतचे अंतर माझ्या चार साखळ्यांचे. ते कापायला आम्हाला एक तास दहा मिनिटे लागली. मध्येच मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवले. आठ वाजून गेले होते.

“घड्याळावर विश्वास ठेवायचा असता तर तो मुंबईच्यावरच ठेवला असता,” आत्या म्हणाली. “बाहेर जाऊ, बघू, मग खाऊ.”

टेबलामागे एक धिप्पाड अधिकारी बसला होता. त्याची पाळी बहुधा रात्रीची असावी, कारण त्याचे डोळे माझ्याइतकेच लाल होते. त्याने आत्याचे पारपत्र उलटसुलट करून पाहिले, तिची बोटे काचेवर टेकवून घेतली आणि येण्याचे प्रयोजन विचारले. आत्याने माझ्याकडे पाहिले.

“इकडे कशासाठी आलीस, म्हणून विचारतोय,” मी सांगितले.

“पारण्यासाठी,” आत्या म्हणाली. “बारसं आहे, पण ते नंतर. आधी पारणं. ते सांग त्याला.”

मी शब्द शोधू लागलो. साडेचौतीस तासांच्या उपासानंतर माझे इंग्रजी फारसे शिल्लक नव्हते. पण पारणे म्हणजे उपास सोडणे, आणि उपास सोडण्याला त्या भाषेत एकच शब्द आहे, तो मला आठवला.

“ब्रेकफास्ट,” मी म्हणालो.

अधिकाऱ्याने आत्याकडे पाहिले, मग तिने उराशी धरलेल्या पितळी डब्याकडे पाहिले, आणि शिक्का उचलला.